जुन्या संगणकासाठी कोणते लिनक्स घ्यावे?

सोलापुरात संगणकांची कामे करताना मला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न असा: ‘लिनक्स टाकायचे ठरवले आहे, पण इतक्या डिस्ट्रोंपैकी चांगली कोणती?’ लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी संगणक-प्रणाली, आणि डिस्ट्रो म्हणजे तिचा वापरासाठी तयार केलेला एकेक संच. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची अद्ययावते बंद झाली, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) व इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे एरवी धडधाकट असलेले अनेक संगणक एकाएकी जुने ठरले. चाटी गल्लीतल्या पेढीवरून किंवा शाळेच्या कार्यालयातून हा प्रश्न येतो तो बहुधा याच कारणाने.

सर्व डिस्ट्रोंच्या मुळाशी कर्नल (प्रणालीचा गाभा) एकच असतो. फरक पडतो तो त्यावर कोणते डेस्कटॉप (पडद्यावरची मांडणी) रचले आहे, सॉफ्टवेअर कोणत्या मार्गाने येते आणि मुख्यतः किती वर्षे त्याची देखभाल होते, याने. सुंदर पडद्याला भुलून निवड करणाऱ्यांना मी म्हणूनच आधी देखभालीची मुदत विचारायला सांगतो. फेडोरा या डिस्ट्रोची प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिने सांभाळली जाते, म्हणजे वर्षाकाठी एकदा तरी संपूर्ण प्रणाली वरच्या आवृत्तीवर न्यावी लागते. नवे तंत्र लवकर हाती यावे असे ज्या विद्यार्थ्याला वाटते, त्याला ती शोभते, हिशेबनिसाला नाही. आर्चला तर आवृत्तीच नसते, अद्ययावते अखंड येत राहतात आणि त्यांच्यासोबत येणारी दुरुस्तीही आपणच करायची असते. ती हौस आहे, आणि हौसेला माझी हरकत नाही.

उरतात उबुंटू, मिंट आणि डेबियन. २००४ साली आलेल्या उबुंटूची दर दोन वर्षांनी निघणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते आणि तिच्याविषयीच्या अडचणींची उत्तरे सर्वांत सहज सापडतात, हे तिचे मोठे बळ. मात्र २२.०४ पासून फायरफॉक्सही स्नॅप या पद्धतीने, म्हणजे लागणाऱ्या सर्व गोष्टींसह एकाच पुडक्यात, येतो आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तो पहिल्यांदा उघडताना वाट पाहायला लावतो. मिंटने २०२० साली स्नॅपला दार बंद केले, पण पाया उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीचाच ठेवला. तिचे सिनॅमन डेस्कटॉप विंडोजवर हात बसलेल्या माणसाला परके वाटत नाही, आणि टाइमशिफ्टची सोय सोबत असल्याने एखादे अद्ययावत बिघडवून गेले तर प्रणाली मागच्या तारखेला नेता येते. चार जीबी मेमरी असेल तर ती नीट चालते. त्याहून कमी असेल तर एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती घ्यावी. एकदा बसवून वर्षानुवर्षे हात न लावायचा संगणक असेल, तर डेबियन. तिची सॉफ्टवेअरे थोडी जुनी असतात, पण २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून वायफायची फर्मवेअरे (ते उपकरण चालवणारी छोटी सॉफ्टवेअरे) बसवतानाच मिळू लागल्याने तिच्यात वायफाय लागत नाही ही जुनी तक्रार बरीचशी मिटली आहे.

भाषेच्या बाबतीत लिनक्स सोलापूरकरांच्या विशेष उपयोगाचे आहे. येथे एकाच घरात मराठी, तेलुगू आणि कन्नड नांदतात, आणि इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलक-मांडणीत ‘क’ तिन्ही लिप्यांत एकाच कळीवर असल्याने एका लिपीचा सराव दुसरीत उपयोगी पडतो. हे तिन्ही कळफलक प्रणालीतच असतात, वेगळे विकत घ्यावे लागत नाहीत.

अडचणी मात्र डिस्ट्रो बदलून सुटत नाहीत, हे बहुतेकांना उशिरा कळते. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेले आहे. वाइनवर (विंडोजची सॉफ्टवेअरे लिनक्सवर चालवण्याची सोय) ते चालवण्याचे प्रयोग होतात, पण जीएसटीच्या मुदतीच्या दिवशी प्रयोग नको. लग्नपत्रिका छापणाऱ्यांचा साठा श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत असतो आणि फॉन्टाशिवाय तो मजकूर निव्वळ निरर्थक चिन्हे दिसतो. जॅकार्डच्या, म्हणजे मागावर विणायच्या, नक्षीसाठी वापरायची सॉफ्टवेअरेही बहुधा विंडोजचीच. अशा ठिकाणी एक संगणक विंडोजवर ठेवून बाकीचे लिनक्सवर न्यावेत, असे माझे मत आहे. प्रिंटरचे दुखणे निराळे: काही स्वस्त लेझर प्रिंटरांची लिनक्सची ड्रायव्हरे (प्रिंटर चालवणारी सॉफ्टवेअरे) जुनी व किचकट आहेत, आणि त्यांच्यापायी चांगली डिस्ट्रो नालायक ठरवली जाते.

म्हणून निवडलेली डिस्ट्रो आधी पेन ड्राइव्हवरून, काहीही न बसवता चालवून पाहावी. वायफाय लागते का, आवाज येतो का, लॅपटॉप झाकून उघडल्यावर जागा होतो का आणि आपल्याच प्रिंटरवर एक पान छापले जाते का, हे चारही पाहावे. सर्व जमले तरच बसवावे, आणि बसवण्याआधी टॅलीचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घेऊन तो तेथून उघडतो का, याची खात्री करावी, कारण ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय एकदा दाबला की जुने विंडोज आणि त्यातल्या फायली दोन्ही जातात.