नमुना ८ मी भरला नाही

एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या टेबलामागे मी चौथ्या दिवशी बसलो होतो. कॉलेजात मतदार नोंदणी चालू होती. फॉर्म भरून घ्यायचे, आधारची झेरॉक्स लावायची, बॉनाफाइड आणायला पिटाळायचं, एवढंच काम. वर्षाला १२० तास भरावे लागतात आणि नोंदणीचं काम सावलीत बसून होतं, म्हणून मी ते मागून घेतलं होतं. समाजसेवा वगैरे काही डोक्यात नव्हतं.

पहिल्या वर्षाचा एक मुलगा आला. म्हणाला, "दादा, हॉस्टेलच्या पत्त्यावर नाव लावलं तर गावाकडचं कटतंय का?"

"कटतं," मी म्हणालो.

तो थोडा वेळ उभा राहिला, फॉर्म घडी करून खिशात घातला आणि निघून गेला. मला त्याचा राग आला, कारण त्या दिवसाचा आकडा एकानं कमी झाला होता. खोलीवर गेल्यावर लक्षात आलं, की माझंही नाव गावातच आहे. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात. दोन वर्षांपूर्वी बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम बघणारे अधिकारी असलेल्या गुरुजींनी ते अण्णांकडून भरून घेतलं होतं. पुण्यात तीन वर्षं राहून मी लोकांना इथली नावनोंदणी शिकवत होतो आणि माझा स्वतःचा फॉर्म कोरा होता.

नियम समजून घेतला तेव्हा तो वाटला त्यापेक्षा समजूतदार निघाला. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० मध्ये मतदार कोण, तर त्या मतदारसंघाचा 'सर्वसाधारण रहिवासी'. एखाद्या ठिकाणी नुसतं घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून तिथला राहत नाही असंही नाही. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला तर निवडणूक आयोगानं सरळ मुभा दिली आहे: आई-वडिलांच्या पत्त्यावर नाव ठेवा नाहीतर वसतिगृहाच्या पत्त्यावर लावा. त्यासाठी अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा, आणि संस्थाप्रमुखाचं प्रमाणपत्र हवं. मात्र दोन्हीकडे नाव चालत नाही. आधीच नोंदणी असलेल्यानं नव्या नोंदणीचा नमुना ६ भरायचाच नसतो, कारण त्यात 'माझं नाव दुसरीकडे नाही' असं लिहून द्यावं लागतं, आणि खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. पत्ता बदलायचा तर नमुना ८. टेबलावर येणाऱ्यांतले निम्मे या एका गोष्टीत चुकत होते आणि पहिले दोन दिवस आम्हीही त्यांना बिनधास्त सहा नंबर देत होतो. नंतर ते फॉर्म शोधून परत काढताना जी धावपळ झाली, ती सांगण्यासारखी नाही.

माझा रूममेट नंदुरबारचा. त्यानं पाच मिनिटांत ठरवलं. "मला नळाला पाणी इथं लागतं, बस इथं लागते, मग मत इथं." त्याचं प्रमाणपत्र वसतिगृहाच्या कार्यालयात तीन आठवडे अडकलं, सही करणारे साहेब रोज 'उद्या' म्हणत, पण तो चिकट. मिळवलंच. त्याचं म्हणणं मला शंभर टक्के पटत होतं. तरी माझा नमुना ८ वहीतच राहिला.

कारण तेच महिने पुढं काय करायचं हे ठरवण्याचे होते. बी.ए.चं शेवटचं वर्ष, विषय राज्यशास्त्र. समोर तीन वाटा होत्या. एक, पुणे विद्यापीठाच्या विभागात एम.ए. करायचं आणि जोडीला अभ्यासिकेत एमपीएससी. दुसरी दिल्ली. तिसरी, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूर केंद्र, तिथला विकास धोरण आणि नियोजनाचा अभ्यासक्रम. मित्रांचं मत पहिल्या वाटेकडे होतं. एम.ए. म्हणजे हॉस्टेल टिकवायचं साधन, खरा अभ्यास अभ्यासिकेत, हे गणित सदाशिव पेठेत कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

दिल्ली आणि तुळजापूर दोन्हींसाठी सीयूईटी-पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा द्यायची होती. मार्च २०२४, पंच्याहत्तर प्रश्न, पावणेदोन तास. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. पेपर इंग्रजी आणि हिंदीत. बारावीपर्यंत माझं सगळं मराठीत झालेलं. मी इंग्रजी निवडलं आणि अडलो की शेजारची हिंदी वाचली. हा काही शहाणपणाचा सल्ला नाही, वेळ फार जातो. पण एखादा मराठीतला शब्द जसाच्या तसा हिंदीत दिसला तेव्हा ओळखीचा माणूस भेटल्यासारखं झालं. त्याच महिन्यात, १६ मार्चला, लोकसभेच्या तारखा जाहीर झाल्या. लातूर ७ मे. पुणे १३ मे.

तुळजापूरच्या मुलाखतीनं मात्र गडबड केली. ऑनलाइन होती. मी अर्जात ऐटीत लिहिलं होतं, की मला ग्रामीण स्थानिक शासनात काम करायचंय. मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला, "तुमच्या गावाच्या शेवटच्या ग्रामसभेला तुम्ही होता का?"

होतो. २६ जानेवारीला सुट्टी जोडून घरी गेलो होतो. शाळेच्या मुलींच्या स्वच्छतागृहाचं विचारायचं म्हणून आदल्या रात्री कागदावर मुद्दे काढले होते. पण सभाच झाली नाही. गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली कमी असेल ती संख्या लागते. आमच्याकडे मतदार अकराशेच्या घरात, म्हणजे शंभर माणसं हवीत. ध्वजारोहणाला भरपूर होती, पेढा खाऊन पांगली. चाळीसही उरली नाहीत. सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, हे गावातल्या मुरलेल्या मंडळींना माझ्या पुस्तकांपेक्षा चांगलं ठाऊक आहे. पुढची तारीख पडली तेव्हा मी पुण्यात अंतर्गत परीक्षा देत होतो. ठराव झाले. स्वच्छतागृह त्यांत नव्हतं.

हे मी जसंच्या तसं सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. "मग दुसऱ्या सभेला का नाही गेलात?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, परीक्षा होती. त्यांनी ते लिहून घेतलं. ते वाक्य बोलताना मला कळलं, की सव्वातीनशे किलोमीटर लांब राहून गावाबद्दल बोलणारा माणूस कसा दिसतो. एमपीएससी करून मी कदाचित दुसऱ्या कुठल्यातरी तालुक्याच्या ग्रामसभा 'घेतल्या' असत्या. मला तहकूब झालेल्या सभेला बसायचं होतं.

मतदानासाठी ६ मेच्या रात्री एसटीनं निघालो. पेपर गुरुवारी होता, मतदान मंगळवारी. पुस्तक मांडीवर उघडं ठेवून भिगवणपर्यंत वाचलं, पुढं झोप. सकाळी शाळेत रांगेत माझ्या पुढं गुरुजी, तेच बीएलओ. "आलास व्हय? मला वाटलं तुजं नाव पुण्याला गेलं." त्याच रात्री परतीची गाडी. अण्णांनी विचारलं, एका मतासाठी एवढं भाडं कशाला? मी काही पटेल असं उत्तर दिलं नाही.

तुळजापूरची निवड कळल्यावर घरात शांतता पसरली. आईला आनंद झाला, जवळ म्हणून. अण्णा दोन दिवसांनी बोलले. "तुळजापूरला लोक दर्शनाला जात्यात. शिकाया पुण्याहून तिकडं कोण जातंय?" ही संस्था मुंबईत १९३६ पासून आहे वगैरे मी सांगून पाहिलं. त्यांना वर्ष नको होतं, नोकरी हवी होती. त्यांची काळजी खोटी नव्हती आणि आजही पूर्ण फिटलेली नाही.

आता घर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर आहे. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान सकाळी करून दुपारच्या चर्चासत्राला हजर होतो. स्वच्छतागृहाचा विषय ग्रामसभेत दोनदा मांडला. एकदा इतिवृत्तात आला, 'चर्चा करण्यात आली' एवढाच. इथंही वसतिगृह आहे, इथंही पत्ता बदलता येईल, पण नमुना ८ त्याच वहीत आहे.

मध्यंतरी रूममेटचा फोन आला. पुण्यातच एम.ए. करतोय, विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात नाव लावायचा नमुना १८ भरायचा म्हणत होता. मी त्याला थांबवलं. पदवीला तीन वर्षं पूर्ण व्हावी लागतात, तीही १ नोव्हेंबरला मोजून. आमचा निकाल २०२४ चा. पुणे आणि औरंगाबाद, दोन्ही पदवीधर जागांची निवडणूक २०२० च्या डिसेंबरात झाली, मुदत सहा वर्षांची. म्हणजे २०२६ ची आमची हुकणार.

"मग थेट २०३२?" तो म्हणाला.

"हो. आणि ती यादी दर वेळी नव्यानं करतात. तेव्हा जिथं राहत असशील, तिथून भरायचा."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू गावातूनच भरशील ना?"

मी हो म्हणालो. मग २०३२ ला मी किती वर्षांचा असेन ते बोटांवर मोजत बसलो.