सोनोग्राफीचं मशीन आणि माझ्या सात चकरा

आधीच सांगून टाकतो, अपघातातल्या रुग्णांवरच्या उपचारांची आमची कार्यशाळा छान झाली. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर इकडून चोवीस डॉक्टर आले, दोन दिवस शिकले, जेवले, ग्रुप फोटो काढून गेले. तेवढंच हवं असेल तर इथंच थांबा. मला बोलायचंय ते कार्यशाळेतल्या एका टेबलाबद्दल आणि त्यापायी गेलेल्या पाच आठवड्यांबद्दल. अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

मी बेळगावात सर्जन आहे. ऊस सुरू झाला की आमच्याकडच्या रात्री बदलतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं ना लाल दिवा ना रेडियमची पट्टी, आणि अंधारात त्याच्यावर येऊन आदळणारी मोटारसायकल. अशाच एका रात्री खानापूरकडून पंचविशीतला एक मुलगा आला. मानेच्या शिरा टम्म फुगलेल्या, श्वासनलिका एका बाजूला सरकलेली, उजव्या छातीत हवा कोंडलेली. ट्रॉलीवरच नळी घातली, तेव्हा एसटीचं दार उघडताना होतो तसा फुस्स आवाज आला. पोरगा वाचला. पण पाठवणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठीत ‘उजवीकडे हवा जात नाही’ असं स्पष्ट लिहिलं होतं. त्यांना रोग कळला होता, हात चालला नव्हता. कोंडलेली हवा सोडायला छातीत सुई घालायला कुणी शिकवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन केला तर ते म्हणाले, “सर, तुम्ही शिकवा की ओ, आम्ही येतो.” तिथून हे सुरू झालं.

हॉल मिळाला, एका औषध कंपनीनं जेवण दिलं, मेडिकल कौन्सिलच्या क्रेडिटचा अर्ज गेला. यातलं काहीच अडलं नाही, म्हणून काही सांगत नाही.

अडलं ते सोनोग्राफीपाशी. अपघातातल्या रुग्णाच्या पोटात रक्त साठलंय का हे बघायला चार ठिकाणी प्रोब ठेवायचा असतो: उजवीकडं लिव्हर आणि किडनीच्या मध्ये, डावीकडं प्लीहेपाशी, खाली मूत्राशयाभोवती, आणि छातीच्या हाडाखालून हृदयाकडं. याला फास्ट म्हणतात. सरावलेला माणूस ते दोन-तीन मिनिटांत करतो. ब्लड प्रेशर पडलंय आणि फास्टमध्ये साठलेल्या रक्ताची काळी पट्टी दिसली, तर रुग्ण सीटी स्कॅनकडं नाही, थेट ऑपरेशन थिएटरकडं जातो. हे शिकवल्याशिवाय ट्रॉमाची कार्यशाळा म्हणजे नुसती भाषणं. तर हॉलवर एक पोर्टेबल मशीन हवं होतं. बस्स, एवढंच.

माझा एक मित्र कोल्हापूरला आहे. म्हणाला, “माझं मशीन गाडीत टाकतो, सकाळी निघालो की नाश्त्याला तुझ्याकडं.” हायवे सरळ आहे, कागल गेलं की कोगनोळीचा टोलनाका, पुढं निपाणी, संकेश्वर, की आलंच बेळगाव. दोघंही शिकलेले डॉक्टर, पण कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं ते आमच्या हॉस्पिटलच्या अकाउंटंटच्या. “सर, पीसीपीएनडीटी?”

गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी 1994 साली हा कायदा झाला. सोनोग्राफीचं प्रत्येक मशीन एका ठराविक जागेच्या नावावर नोंदलेलं असतं, नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीला लावावं लागतं, मशीन कोण वापरतो त्याचंही नाव नोंदणीत लागतं. पोर्टेबल असलं म्हणून ते डिकीत घालून फिरवता येत नाही. माझ्या मित्राचं मशीन महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात नोंदलेलं. कायदा देशभर एकच, पण नोंदवही जिल्ह्याजिल्ह्याची. म्हणजे त्याचं मशीन कोगनोळीच्या अलीकडं आलं की बेवारस. या कायद्याला माझा विरोध नाही. मुलींची संख्या कशी घसरली होती ते आमच्या पिढीनं पाहिलंय. पण अपघाताच्या धड्यासाठी पुरुष स्वयंसेवकाचं पोट बघायचंय, त्यात गर्भ कुठून येणार, असा माझा भाबडा प्रश्न होता. कायदा पोट बघत नाही, मशीन बघतो. हे समजायलाच मला दोन चकरा लागल्या.

म्हटलं, कोल्हापूरचं सोडा. आपल्याच शहरातलं मशीन दोन दिवसांसाठी हॉलवर न्यायची परवानगी मागू. संबंधित ऑफिसात गेलो. अर्ज इंग्रजीत नेला होता. टेबलावरच्या बाईंनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, “कन्नडात आणा की ओ सर, साहेबांना बरं पडतं.” आणला. कन्नड मला बोलता येतं, वाचता येतं, पण सरकारी कन्नड लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून चालणं. कोर्टाजवळच्या टायपिस्टकडनं लिहून घेतला, त्यानं ‘अपघात चिकित्सा’च्या जागी असं काही लांबलचक घातलं की मलाच वाटलं, आपण मोठं काम करतोय.

तिसऱ्या चकरेला साहेब मीटिंगला. चौथ्या चकरेला साहेब दौऱ्यावर. “कुंद्री सर,” म्हणजे बसा सर, असं म्हणून बाईंनी खुर्ची दिली, पंखा लावला, चहासुद्धा पाजला. वागणुकीत खोट नव्हती, उलट तेच खटकत होतं. कुणी उर्मट असतं तर भांडलो तरी असतो. पाचव्या वेळी फाइल ‘वर’ गेलेली. वर म्हणजे कुठं, ते कळलं नाही. प्रत्येक वेळी निघताना तेच ऐकायचं, “नाळे बर्री.” उद्या या. ओपीडी बंद ठेवून उद्या येणारा माणूस म्हणजे मी. सहाव्या चकरेला मी हट्टाला पेटलो. म्हटलं, “नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, पण लिहून द्या.” बाई घाबरल्याच. “लिहून कसं देणार सर? नाही कुठं म्हटलंय?” खरंच होतं. पाच आठवड्यांत ‘नाही’ कुणी म्हटलंच नव्हतं. ‘हो’ही म्हटलं नव्हतं.

सातव्या चकरेचं सांगत नाही. त्या दिवशी सुट्टी होती आणि ते मला माहीत नव्हतं.

कार्यशाळा नऊ दिवसांवर आली तेव्हा मी आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमसमोर जाऊन रडगाणं लावलं. त्या रिपोर्टवर सह्या करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मशीन कशाला हलवता? पोरं इकडं आणा की.”

मला लाजच वाटली. हॉस्पिटल हॉलपासून रिक्षानं सात मिनिटांवर. नोंदलेलं मशीन, नोंदलेली खोली, नोंदणीत नाव असलेल्या मॅडम स्वतः उभ्या. चोवीस जणांच्या सहाच्या चार तुकड्या करायच्या, टेम्पो ट्रॅव्हलरनं आळीपाळीनं आणायच्या. मॅडमच्या अटी दोनच: स्वयंसेवक पुरुषच, आणि प्रत्येक स्कॅनची रजिस्टरमध्ये नोंद. तुमच्या जिल्ह्यात असं काही करायचं असेल तर तुमच्या रेडिओलॉजिस्टना पहिल्याच दिवशी भेटा. कायदा त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतो, कारण खोलीला सील लागलं तर ते त्यांच्या खोलीला लागतं.

स्वयंसेवक झाले आमच्या वॉर्डातले मामा. मूत्राशय भरलेलं असलं तर तिथलं चित्र नीट दिसतं, म्हणून त्यांना लिटरभर पाणी पाजलं होतं. दुसरी तुकडी अर्ध्यात असताना मामा उठून बसले. “सर, आता एकतर मी जातो, नाहीतर तुमची गादी जाते.” पुढच्या तुकडीसाठी परत बाटली.

निरोगी पोटात काळी पट्टी दिसणार नाही, हे मी गृहीतच धरलं होतं. फोटो दाखवू म्हटलं होतं. पण आम्ही हॉस्पिटलातच होतो ना! वरच्या मजल्यावर जलोदराचे, म्हणजे पोटात पाणी साठलेले, एक आजोबा दाखल होते. त्यांना सगळं समजावून विचारलं, तर म्हणाले, “चोवीस डॉक्टर फुकट तपासणार? आणा की.” लिव्हर आणि किडनीच्या मधली ती काळी फट प्रत्येकानं स्वतःच्या हातानं शोधली. जवळजवळ सगळे एकच चूक करत होते. प्रोब लिव्हरच्या मध्यावर ठेवायचे, चित्र सुंदर यायचं आणि “निगेटिव्ह” म्हणून मोकळे व्हायचे. थोडं द्रव असतं तेव्हा ते आधी लिव्हरच्या खालच्या टोकापाशी दिसतं. प्रोब तिथपर्यंत सरकवायला हवा. मॅडम प्रत्येकाचं मनगट धरून दोन बोटं खाली ओढत होत्या. हॉलवर हे कधीच झालं नसतं, हे मला मान्य करावं लागलं. ऑफिसवरचा राग मात्र त्यानं कमी झाला नाही.

आता जे जे आठवतंय ते लिहितो, क्रम लागणार नाही.

छातीत नळी घालायच्या सरावाला बकऱ्याच्या बरगड्या लागतात. खाटकाला आदल्या रात्रीच निक्षून सांगा, अख्खा पिंजरा हवा, तोडायचा नाही. आमच्या खाटकानं ‘हो’ म्हणून सवयीनं पहिला पिंजरा धडाधड चार तुकडे करून पिशवीत भरला. मग वर बघून, “रस्सा नाही करायचा?” नरडीही मागून घ्या, श्वासमार्गासाठी मानेतून छेद घेण्याचा सराव तिच्यावर फार छान होतो. ती खाटीक बहुधा फेकूनच देतात.

नळीची जागा काखेच्या समोर, बरगड्यांमधल्या पाचव्या फटीत. सुईची जागा मोठ्या माणसात आता वर कॉलरबोनखाली नाही. एटीएलएस या अपघात-उपचारांच्या कोर्सच्या 2018 च्या आवृत्तीपासून तीही चौथ्या-पाचव्या फटीत, काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढं. पन्नाशीच्या पुढचे डॉक्टर यावर वाद घालतात. घालू द्या, पण बरगडीवर बोट ठेवून मोजायला लावा.

पत्रिकेवर ‘एटीएलएस’ छापू नका. तो अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सचा परवान्याचा कोर्स आहे. 1976 मध्ये नेब्रास्कात जेम्स स्टायनर नावाच्या हाडांच्या डॉक्टरचं स्वतःचं विमान पडलं, त्यात त्याची बायको गेली, आणि मुलांना मिळालेले उपचार बघून त्यानं ठरवलं की ही पद्धतच बदलायची. तिथून हा कोर्स उभा राहिला. ही गोष्ट सांगितली की जेवणानंतरची पेंगणारी मंडळीसुद्धा जागी होतात.

ट्रानेक्झॅमिक ॲसिड, म्हणजे रक्तस्राव कमी करणारं औषध, तालुक्यातच द्या, आमच्यापर्यंत थांबू नका. 2010 च्या क्रॅश-2 अभ्यासात वीस हजारांवर रुग्ण होते, त्यातून निघालेलं गणित साधं: मार लागल्यापासून तीन तासांच्या आत, 1 ग्रॅम दहा मिनिटांत, मग 1 ग्रॅम आठ तासांत. औषध प्रत्येक तालुक्यात मिळतं, स्त्रीरोगतज्ज्ञांकडं तर असतंच. चिठ्ठीवर दिल्याची वेळ लिहा. वेळ नसलेली चिठ्ठी म्हणजे आम्हाला कोडं.

दुसरा दिवस आयसीयूचा होता. व्हेंटिलेटरवर श्वासाचं माप वजनावर नाही, उंचीवर ठरतं, हे ऐकून दोघांनी वही बंद करून माझ्याकडं बघितलं. 165 सेंटीमीटरचा पुरुष, वजन 95 किलो असो की 60, हिशोबाचं वजन साडेएकसष्टच. किलोला 6 मिली धरलं तर 370 च्या आसपास. फुप्फुसं काही जाड होत नाहीत. माझ्याकडं टेप नव्हता, म्हणून टेलरकडचा मागवला. तो टेप आता कायमचा आयसीयूत लटकतो.

हो, आणि बोगोटा बॅग. रक्तस्राव थांबेना, रुग्ण गार पडला, रक्त गोठेना, तर पोटात पॅड भरून ऑपरेशन तिथंच आवरतं घ्यायचं, पोट न शिवता सलाईनची मोठी पिशवी कापून वर शिवायची, रुग्णाला आयसीयूत उबदार करायचं आणि एक-दोन दिवसांनी परत आत जायचं. पोट उघडं ठेवायचं हे सर्जनच्या हाताला पटत नाही, मला स्वतःलाही वर्ष गेलं. हा भाग मी मुद्दाम घाईत संपवला नाही, जेवण गार झालं तरी.

खर्चात फजिती झाली ती टेम्पो ट्रॅव्हलरची, चार फेऱ्या ठरल्या आणि सहा झाल्या. मटणाचं बिल औषध कंपनीनं नाकारलं, मीच दिलं.

कार्यशाळेनंतर तीन आठवड्यांनी फोन आला. त्याच बाई. आवाजात आनंद होता. “सर, तुमच्या अर्जाचं काम निघालं बघा वरनं. एक झेरॉक्स कमी आहे तेवढी, भिंतीवरच्या सर्टिफिकेटची. घेऊन येता?”

मी म्हटलं, “नाळे बर्तीन्री.”