'गॅरंटी स्प्लिट' घेण्याआधी

बजीच्या, म्हणजे बजरीगर या छोट्या पाळीव पोपटाच्या, धंद्यात सगळ्यात जास्त थापा चालतात त्या स्प्लिटच्या नावावर. रिसेसिव्ह पाइडचा, म्हणजे ठिगळाठिगळांचा, रंग दिसायला जीनच्या दोन प्रती लागतात, एक आईची, एक बापाची. एकच असली तर पक्षी साधाच दिसतो, पण रंग पुढच्या पिढीला देऊ शकतो. तो स्प्लिट. बॉल पायथन साप पाळणारे यालाच हेट म्हणतात; अल्बिनोसाठी त्यांचंही गणित हेच.

परवा नांदेडहून एका पोराचा फोन आला. "काका, हिरवा नर आहे, गॅरंटी स्प्लिट म्हणतोय. पाचशे जास्त मागतोय, घेऊ का?"

"आई-बाप बघितलेस का?"

"नाही. पण मानेमागं पिवळा ठिपका आहे ना."

अरे बाबा, तसला ठिपका दुसऱ्या प्रकारच्या पाइडमध्येही येतो. घेताना गॅरंटी एकाच गोष्टीने मिळते: आई-बापांपैकी एक तरी स्वतः रिसेसिव्ह पाइड हवा. मग साधी दिसणारी सगळी पिल्लं स्प्लिटच. दोन्हीकडं स्प्लिट असतील तर साध्या दिसणाऱ्या तीन पिल्लांत सरासरी दोन स्प्लिट, आणि कोणती दोन ते डोळ्यांना कळत नाही. घेतल्यावर खात्री करायची तर तो नर रिसेसिव्ह पाइड मादीला लावा. एक जरी पाइड पिल्लू निघालं तरी विषय संपला. आठ पिल्लांत एकही नाही निघालं, तर तो स्प्लिट नाही असं धरा. स्प्लिट असून असं होण्याची शक्यता 256 मध्ये 1.

खरा रिसेसिव्ह पाइड मात्र लपत नाही. 1932 मध्ये डेन्मार्कमध्ये पुढं आलेला हा प्रकार. मोठा झाला तरी डोळ्याभोवती पांढरं कडं येत नाही, डोळा आख्खा काळा. नराच्या चोचीवरचा मांसल भागही निळा न होता गुलाबी-जांभळाच राहतो, म्हणून बाजारात नर मादी म्हणून खपतो.

आमच्या परभणीत एप्रिल-मे म्हणजे पत्र्याखाली भट्टी. तेव्हा मी अंड्यांसाठी टांगलेली मटकी उतरवून ठेवतो आणि वही काढून पायातल्या रिंगच्या नंबरवरून पुढच्या जोड्या ठरवतो. भाऊ-बहीण लावत नाही. रंग लवकर उघडतो, पण पिल्लं किरकोळ निघतात.

यंदा पावसाळ्यात 14 नंबरची मादी पाइड नराला लावणार. तिचा बाप बाहेरून आणलेला आहे, त्यामुळं पिल्लं निघेपर्यंत तिच्याबद्दल कुणालाच शब्द देत नाही.