वजनकाट्यापर्यंतचे 260 मीटर

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ऑफिस आणि वजनकाट्याची केबिन यांत 260 मीटर अंतर आहे. तांब्याची इथरनेट केबल 100 मीटरपर्यंतच चालते, म्हणून पूर्वी कोणीतरी वाटेत दोन ठिकाणी लोखंडी डब्यात छोटे नेटवर्क स्विच (केबली एकमेकींना जोडणारी यंत्रं) बसवून ती पुढे नेली होती. गेल्या जूनमध्ये विजा कडाडल्या आणि एका रात्रीत ते दोन्ही स्विच गेले, सोबत ऑफिसच्या मुख्य स्विचचे चार पोर्टही. सकाळी गेटवर ट्रकांची रांग आणि आम्ही वजनाच्या पावत्या हाताने लिहितोय. त्याच दिवशी ठरवलं की पुढचा पावसाळा लागायच्या आत तिथे फायबर, म्हणजे प्रकाशातून माहिती नेणारी काचेच्या धाग्यांची केबल, टाकायचं. काचेतून वीज वाहत नाही. केबलही मुद्दाम आत धातू नसलेली घेतली आणि एचडीपीईच्या (टणक प्लास्टिकच्या) पाइपातून जमिनीखालून नेली.

काम मे महिन्यात झालं. खोदकाम आणि स्प्लायसिंग (फायबरचे धागे जोडणं) कंत्राटदाराच्या माणसांनी केलं. ट्रान्सीव्हर (विजेचा सिग्नल प्रकाशात आणि प्रकाशाचा विजेत बदलणारा छोटा भाग) बसवणं आणि स्विच लावणं माझ्याकडे होतं. सिंगल मोड (अतिबारीक गाभ्याचं) फायबर, त्यामुळे दोन्ही टोकांना 1310 नॅनोमीटरचे, 1 गिगाबिटचे एलएक्स जातीचे एसएफपी, म्हणजे स्विचच्या खाचेत बसणारे ट्रान्सीव्हर. बसवायला वेळ लागत नाही. स्विच चालू असतानाच खाचेत सरकवायचा, टक असा आवाज आला की बसला. रबरी टोपी मात्र पॅचकॉर्ड (जोडणीची छोटी फायबर केबल) लावायच्या क्षणापर्यंत काढू नका आणि भोकात डोळा लावून बघू नका. तो लेझर डोळ्याला दिसत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातही 1310 चा प्रकाश दिसत नाही, त्यामुळे 'काही येतच नाहीये' असं समजून माणूस फसतो.

पहिल्यांदा लावलं तर दोन्हीकडे अंधार. एका बाजूने पाठवलेलं दुसऱ्या बाजूच्या घेणाऱ्या भोकात जायला हवं, इथे पाठवणारं पाठवणाऱ्यालाच जोडलं गेलं होतं. केबिनमधल्या पॅचकॉर्डच्या क्लिपमधून दोन्ही टोकं सोडवून अदलाबदल केली. मग ऑफिसचा दिवा लागला, केबिनचा नाही. असं एकाच बाजूला लिंक दिसलं की आधी ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकं आपसात वेग ठरवतात ती सेटिंग) तपासावं. ऑफिसच्या पोर्टवर जुन्या सेटिंगमधला वेग पक्का 1000 करून ठेवलेला होता, केबिनकडे ऑटो. दोन्हीकडे ऑटो केलं, केबिनचाही दिवा हिरवा झाला. बिलिंग आणि कॅमेऱ्यांचे दोन्ही व्हीलॅन (एकाच केबलवर वेगळी ठेवलेली नेटवर्कं) त्या पोर्टवरून ट्रंक केले, म्हणजे एकत्र नेले.

स्प्लायसिंगवाला दादा हत्यारं आवरायला लागला. "लाइट लागला नं जी, आता काहून पाहता?"

मी पाहत होतो त्याचं कारण म्हणजे केबिनच्या पोर्टवर सीआरसीचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटा-पाकिटांचा, आकडा. दर मिनिटाला वाढत होता. पिंग (पोच तपासायचा छोटा संदेश) जात होतं, पण मधेच एखादं हरवायचं. एसएफपी स्वतःच मोजमाप सांगतो, त्याला डीडीएम म्हणतात: तापमान, पाठवलेला प्रकाश, मिळालेला प्रकाश. ऑफिसचा एसएफपी पाठवत होता -6.1 डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप; उण्यापुढचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). केबिनला मिळत होते -21.3. म्हणजे वाटेत 15 डेसिबल गेले, तीसपट प्रकाश हरवला. 260 मीटर फायबर स्वतः जेमतेम 0.1 डेसिबल खातं, जोडण्या धरल्या तरी दीड-दोनच्या वर जायला नको. आणि आमच्या एसएफपीच्या माहितीपत्रकात घेण्याची खालची मर्यादा -20 लिहिलेली.

उलट्या दिशेचं वाचन -7.2 होतं, अगदी ठणठणीत. म्हणजे केबल नाही, दोनपैकी एकच धागा, आणि बहुधा एखादं टोक. दादांना थांबवलं. त्यांच्याकडे तपासणीचा छोटा सूक्ष्मदर्शक होता. त्यात केबिनकडच्या कनेक्टरचं तोंड पाहिलं तर मधोमध काळा ठिपका. सिंगल मोडचा गाभा 9 मायक्रॉनचा, केस त्याच्या कितीतरी पट जाड. आणि केबिनच्या दारासमोरून दिवसभर ट्रकांची धूळ उडते, त्यात मघाशी अदलाबदल करताना मीच ती टोकं उघडी ठेवली होती. क्लीनरची पेनं घेऊन दोनदा पुसलं, पुन्हा पाहिलं, मग लावलं. -7.4. सीआरसीचा आकडा शून्य करून अर्धा तास बसलो, शून्यच राहिला.

"आता जाऊ द्या नं मले," दादा म्हणाले. जाता जाता टोप्यांची एक पुडी देऊन गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा डीडीएम उघडलं. बाहेर 45 अंश, केबिनवर पत्रा, आणि एसएफपीचं तापमान 67. साध्या एसएफपीची मर्यादा 70 अंश असते. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) अजून लागायचा होता. त्या टोकाला -40 ते 85 अंशांत चालणारा औद्योगिक एसएफपी मागवला आणि स्विच पत्र्याजवळच्या फळीवरून काढून टेबलाखाली आणला. तेव्हापासून भर दुपारीही वाचन 60 च्या आत आहे.

रॅकच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर दोन्ही टोकांची पहिल्या दिवसाची वाचनं आणि तारीख आहे. दर सोमवारी त्याखाली नवीन आकडा लिहितो. गेल्या सोमवारी केबिनकडे -7.5 होता.