चौतीस फ्लॅट, एक टेप आणि इस्त्रीवाले काका: आमच्या घरखरेदीचं प्रकरण

जून २०२४ मध्ये भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट रिन्यू करताना घरमालकांनी एकदम तीन हजार वाढवले आणि त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवलं की आता बास, स्वतःचं घ्यायचं. पुणे, टूबीएचके, बजेट सत्तरच्या आत, नवऱ्याचं ऑफिस कोथरूडला आणि माझं डेक्कनला, त्यामुळे सिंहगड रोड, वारजे, कर्वेनगर एवढाच पट्टा. मला वाटलेलं दोन महिन्यांत काम होईल. लागले आठ. चौतीस फ्लॅट बघितले, मी वहीत मोजलेत.

नवीन बांधकाम आम्ही पहिल्याच महिन्यात सोडून दिलं कारण एकतर आमच्या बजेटमध्ये या भागात मिळत नव्हतं आणि बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी लागतो तो वेगळाच, शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडंही भरा आणि हप्ताही भरा. म्हणून रीसेल. रीसेलला जीएसटी नाही हे बरं, पण रीसेलमध्ये समोरच्याच्या वीस वर्षांचा सगळा पसारा तुमच्या गळ्यात येतो हे तेव्हा कळलं नव्हतं.

पहिले दहा-बारा फ्लॅट तर आम्ही पाहुण्यासारखे बघितले. ब्रोकर पुढे, आम्ही मागे, मालकीणबाईंनी दिलेला चहा प्यायचा, बाल्कनीतून बघायचं, छान आहे म्हणायचं आणि बाहेर पडायचं. एरिया विचारला की ब्रोकर म्हणणार "नऊशे ऐंशी". तेराव्या फ्लॅटला माझा भाऊ सोबत आला, तो इंटिरियरची कामं घेतो, त्याने सरळ खिशातून टेप काढली आणि हॉलमध्ये गुडघे टेकून बसला. हॉल, किचन, दोन्ही बेडरूम, संडास-बाथरूम, पॅसेज, सगळं मोजून मोबाइलवर बेरीज केली तर सहाशे तीस. ब्रोकर म्हणाला, अहो ते सेलेबल आहे, त्यात जिना, लॉबी, सगळं धरतात. भाऊ म्हणाला, जिन्यात झोपायचंय का आम्ही? त्या दिवसापासून आम्ही दर काढायचा तो कार्पेटवरच, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवरच, काढायचा असं ठरवलं आणि टेप गाडीच्या डिकीतच ठेवली. रेरा हा घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा २०१७ ला आल्यापासून नवीन प्रोजेक्टला कार्पेटवरच विकावं लागतं, पण जुन्या बिल्डिंगमध्ये अजून सेलेबलचीच भाषा चालते, आणि जुन्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट, लिहिलेलं असतं, त्यामुळे टेपला पर्याय नाही.

सिंहगड रोडला नदीच्या बाजूला एक ग्राउंड फ्लोअरचा फ्लॅट बघितला तो विसरणार नाही. ऑगस्टचा शेवटचा आठवडा. बजेटपेक्षा आठ लाखांनी स्वस्त, ताजा रंग, आम्ही दोघंही खूश. खाली उतरलो तर गेटजवळ इस्त्रीवाले काका होते, मी सहज म्हटलं काका इकडे पाणी कसं येतं? ते म्हणाले, "कुठलं विचारताय ताई, नळाचं का नदीचं?" २५ जुलैच्या पहाटे खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरी भागात सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं ते सगळ्यांनी बातम्यांत बघितलंच होतं, मी पण बघितलेलं, पण ही सोसायटीही त्यातच होती हे डोक्यातच आलं नाही. मग परत वर जाऊन बघितलं. रंग फक्त कमरेपर्यंतच नवीन होता, वरचा जुनाच, शेड जुळवलेली. खालचे सगळे प्लगपॉइंट बंद करून नवीन छातीच्या उंचीला घेतलेले. एवढं डोळ्यासमोर असून आम्ही चहा पिऊन आलो होतो. नदीजवळ घेत असाल तर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते नकाशावर बघा, निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदाच्या. आणि इस्त्रीवाल्याला विचारा.

खरं सांगायचं तर आठ महिन्यांत कामाची माहिती आम्हाला अशाच लोकांकडून मिळाली ज्यांना त्या व्यवहारातून एक रुपया मिळणार नव्हता. वॉचमन, धुणंभांडी करणाऱ्या मावशी, शेजारच्या आजी, किराणावाला. ब्रोकर खोटं बोलतो असं नाही, तो विचारल्याशिवाय बोलत नाही. मावशी न विचारता बोलतात. एका ठिकाणी लिफ्टमध्ये भेटलेल्या मावशींनी तीन मजल्यांच्या प्रवासात सांगितलं की वरच्या फ्लॅटचा बाथरूम गळतो, दोन वर्षं भांडण चालूय आणि म्हणूनच हे विकतायत.

धायरीत एक फ्लॅट मिळत होता पंचेचाळीसला, मोठ्ठा, हवेशीर. पूर्णत्वाचा दाखला, भोगवटा पत्र, म्हणजे बांधकाम मंजुरीप्रमाणे झालंय आणि राहायला परवानगी आहे याचे कागद, विचारले तर ब्रोकर म्हणाला वहिनी, ग्रामपंचायतीच्या काळातलं बांधकाम आहे, इथे सगळ्यांचंच असं आहे, टॅक्स पावती आहे ना. धायरी २०१७ ला महापालिकेत आली, त्याआधीच्या अशा बऱ्याच बिल्डिंगी आहेत. पण टॅक्स भरला म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं नसतं, कर अनधिकृत बांधकामालाही लागतो. आम्ही ज्या बँकेत लोनची चौकशी करत होतो त्यांनी नुसतं नाव ऐकून नकारार्थी मान हलवली. स्वस्त का आहे याचं उत्तर तिथे मिळालं. ज्यांच्याकडे सगळे पैसे हातात आहेत ते घेतात, पण उद्या विकायला काढलं तर गिऱ्हाईकही तसंच शोधावं लागणार.

आता मोठा घोळ. कर्वेनगरला एक फ्लॅट दोघांनाही मनापासून आवडला, एकोणिसावा. मालक म्हणजे तिसरे, २००३ ला बिल्डरकडून पहिल्याने घेतलेला, २०११ ला त्याने दुसऱ्याला विकला, मग हे. आम्हाला एवढी घाई झाली की ब्रोकर म्हणाला अजून दोन पार्ट्या येतायत तर त्याच संध्याकाळी एक्कावन्न हजार टोकन, म्हणजे बयाणा, द्यायला तयार झालो. नशीब, ऑफिसातल्या एका सिनियर मॅडमनी फोनवर सांगितलं की देतेस तर दे, पण चेकने दे आणि पावतीवर लिहून घे की कागदपत्रांच्या कारणाने बँकेने लोन नाकारलं तर टोकन पूर्ण परत. मालक जरा नाराज झाले पण सही केली.

लोनला फाइल गेली. बँकेच्या पॅनलवरच्या वकिलांनी सगळी साखळी मागितली: बिल्डर ते पहिला, पहिला ते दुसरा, दुसरा ते आत्ताचा, प्रत्येकाचं ओरिजिनल अ‍ॅग्रीमेंट, त्याची नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा. पहिलं अ‍ॅग्रीमेंट ओरिजिनल नव्हतंच. हरवलेलं. मालक म्हणाले झेरॉक्स आहे ना, आम्हालाही तसंच मिळालं होतं. वकील म्हणाले ओरिजिनल कुठेतरी तारण ठेवलेलं नाही कशावरून? पोलिसात हरवल्याची तक्रार, पेपरात जाहीर नोटीस, निबंधक ऑफिसातून सर्टिफाइड कॉपी, हे सगळं करून या मग बघू. मालकांना ती यातायात करायची नव्हती, त्यांना रोखीवाला दुसरा मिळाला. टोकन परत मिळायला दोन महिने आणि माझे किती फोन गेले ते विचारू नका, पण मिळालं, त्या एका ओळीमुळे मिळालं. मी तो फ्लॅट गेला म्हणून रडले होते हे आता सांगायला हरकत नाही.

त्यानंतर आम्ही क्रमच उलटा केला. फ्लॅट आवडला की आधी व्हॉट्सअ‍ॅपवर कागद मागवायचे, वकिलाला दाखवायचे, मग दुसऱ्यांदा बघायला जायचं, मग टोकन. आमच्या वकिलांनी तीस वर्षांचा सर्च घेतला, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्या, फी घेतली अठरा हजार. घरात सगळ्यांना जास्त वाटली, सासऱ्यांना तर फारच. मला नाही वाटली.

शेवटी जानेवारीत वारज्यात मिळाला, तिसरा मजला, २००८ ची बिल्डिंग, सोसायटीचं कन्व्हेयन्स झालेलं, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे, बिल्डरच्या नाही, हे नक्की विचारा, बऱ्याच जुन्या सोसायट्यांचं झालेलं नसतं. बहात्तर म्हणत होते, अडुसष्टला तुटलं. बघायला तीन वेळा गेलो: रविवारी दुपारी, मंगळवारी सकाळी साडेआठला हायवेच्या सर्व्हिस रोडची गर्दी बघायला, आणि एकदा रात्री दहाला. रात्री कळलं की बेडरूमच्या खाली मंगल कार्यालयाचं मागचं गेट येतं. त्यावर दोन लाख कमी झाले, ते या चारातलेच.

पैशाचं गणित इथे नीट सांगते कारण आम्ही तिथेच चुकलो. आम्ही धरलेलं की ऐंशी टक्के लोन मिळतं म्हणजे चोपन्न लाख चाळीस हजार. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या लोनला ऐंशी टक्केच कमाल आहे हे बरोबर, पण कशाच्या ऐंशी टक्के? बँकेचा व्हॅल्युअर आला, दहा मिनिटं फिरला, फोटो काढले आणि पासष्ट लावून गेला. बँक दोन्हीतला कमी आकडा धरते. झालं बावन्न लाख. एका कागदाने दोन लाख चाळीस हजार खिशातून वाढले, ते मी पीएफमधून काढले. आणि स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन यासाठी लोन धरत नाहीत, ते तुमचं तुम्ही.

पुण्यात महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी सगळं धरून सात टक्के पडते, ती अ‍ॅग्रीमेंटची किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने ठरवलेली, किंमत यात जी जास्त तिच्यावर. फक्त बाईच्या नावावर घर असेल तर एक टक्का सूट. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. आम्ही माझ्या एकटीच्या नावावर केलं, नवरा लोनला को-अ‍ॅप्लिकंट आहे पण मालक नाही, त्यामुळे त्याला हप्त्यावर टॅक्सची सवलत घेता येत नाही, पण तो नवीन टॅक्स रेजिममध्ये आहे, त्याला तशीही मिळत नव्हती. वाचले अडुसष्ट हजार. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या, मग म्हणाल्या माझ्या वेळी ही सूट होती का गं.

हा अडुसष्ट हजाराचा आकडा आमच्या मागेच लागला होता. ब्रोकरने दोन टक्के मागितलेले ते एक टक्क्यावर आणले, ते अडुसष्ट हजार. आणि टीडीएस, पन्नास लाख किंवा वरची किंमत असली की घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या पैशातून एक टक्का कापून सरकारला भरायचा, तोही अडुसष्ट हजार. हे ब्रोकर सांगत नाही, मालकालाही माहीत नसतं. आमच्या वेळी, २०२५ मध्ये, त्यासाठी सव्वीस क्यूबी फॉर्म ऑनलाइन भरायचा होता, ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून तीस दिवसांत, नाहीतर रोजचे दोनशे रुपये लेट फी. आमचे विकणारे काका म्हणाले मी का देऊ टॅक्स? त्यांना त्यांच्या सीएशी बोलायला लावलं तेव्हा मानले. आणि विकणारा परदेशात राहणारा असेल तर हा एक टक्क्याचा नियम लागू नाही, टीडीएस बराच जास्त कापावा लागतो, तेव्हा सीएकडे आधीच जा.

सोसायटीने एनओसीसाठी "बिल्डिंग फंडाला" एक लाख मागितले. फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करायला सोसायटी घेते तो ट्रान्सफर प्रीमियम महापालिका हद्दीत पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही, मी नियमाची प्रिंट घेऊन सेक्रेटरींकडे गेले, ते म्हणाले सगळे देतात. मी म्हटलं मला मागणीचं पत्र द्या, लगेच देते. पत्र आलं नाही. पंचवीस भरले, रीतसर पावती घेतली.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी साडेअकराचं टोकन, नंबर लागला पावणेतीनला. फोटो झाले, माझा अंगठा झाला, आणि काकांचा अंगठा मशीन घेईचना. वय त्र्याहत्तर, आयुष्यभर प्रेसमध्ये काम केलेलं, रेषाच राहिल्या नाहीत बोटांवर. पाचदा, सहादा. मागची रांग कुजबुजायला लागली. शेवटी एजंट म्हणाला, आजोबा अंगठा जरा केसांवरून फिरवा, तेल लागू दे. काकांनी टक्कल दाखवलं. मग काकूंनी स्वतःच्या आंबाड्यावरून त्यांचा अंगठा फिरवला आणि मशीनने घेतला. सगळं ऑफिस हसलं, काकाही. बाहेर आल्यावर मात्र ते जिन्यात थोडा वेळ धरून उभे राहिले, सतरा वर्षं राहिले होते त्या घरात.

नंतरची कामं लोक विसरतात. लाइट बिलावर नाव बदला, महापालिकेत टॅक्सवर नाव लावा, आणि स्वतः राहत असाल तर पीटी-तीन अर्ज भरा, नाहीतर टॅक्समधली चाळीस टक्के सवलत लागत नाही. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव चढायला आमच्याकडे चार महिने लागले, लाखाचा राग असावा.

मे महिन्यात आमच्याच मजल्यावरचा फ्लॅट विकायला निघाला. एका संध्याकाळी एक जोडपं ब्रोकरच्या मागून जिना चढत होतं, ब्रोकर फोनवर होता, ती मुलगी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, ताई, इथे पाणी कसं आहे? माझ्या हातात भाजीच्या पिशव्या. मी म्हटलं बाकी ठीक, पण एप्रिल-मे टँकर लागतो, महिन्याला वेगळे पैसे काढावे लागतात, आणि लग्नसराईत मागच्या बेडरूममध्ये झोप विसरा. तिने पर्समधून वही काढून लिहून घेतलं. शेजारचे वहिनी-भाऊजी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, फ्लॅट अजून विकला गेलेला नाही.