पाच रविवार, एकच आकडा

रविवार, १४ डिसेंबर

आज सकाळी वहीतले पाच रविवार एकाखाली एक लिहून काढले. ७१.५, ७१.३, ७१.६, ७१.४, ७१.५. रोजच्या वजनाची ही आठवड्याची सरासरी. कमरेची टेप पाचही वेळा ८८ सेंटिमीटर. माझं वजन उतरायचं थांबलंय. महिनाभर मी हे स्वतःशी कबूल करत नव्हते, आज लिहून टाकते.

गुढीपाडव्याला ७८.६ होते. जिना चढताना गुडघे दुखायचे, आणि आईची शुगर, तिचे शेवटच्या वर्षांतले पाय मी डोळ्यांनी पाहिलेत. त्या भीतीनंच सुरुवात केली. सात किलो उतरले ते साताऱ्यातल्या टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकाची चढण, रात्रीचा भात बंद, आणि ही वही यांच्या जोरावर.

आता मागची पानं चाळताना दिसतं की मी थांबले नव्हते तेव्हा घाबरले, आणि खरोखर थांबले तेव्हा निर्धास्त राहिले. गणपतीत दोन दिवस उकडीचे मोदक झाले आणि तिसऱ्या दिवशी काटा १.३ किलोनं वर. त्या दिवशी मी रडले होते. नंतर शांतपणे हिशोब केला. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. एवढी चरबी चढायला नेहमीच्या जेवणावर साठ-सत्तर मोदक खावे लागले असते. मी खाल्ले सात. वाढलं होतं ते बहुतेक पाणीच. तांदूळ-गुळाची साखर शरीरात साठते तेव्हा एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवते. आठवड्यात सगळं उतरलं. जुलैत दोन आठवडे काटा हलला नव्हता, पण टेप दोन सेंटिमीटर खाली गेली होती आणि ब्लाउजला टीप मारावी लागली होती. तेही थांबणं नव्हतं. पाळीच्या आधी तर दर महिन्याला किलोभर वाढ दिसतेच. म्हणून पूर्ण चार आठवडे बघायचे, एक पाळी त्यात आली पाहिजे, आणि काटा नि टेप दोन्ही अडलेले असले तरच थांबलं म्हणायचं.

यावेळी दोन्ही अडलेत. मी मात्र रोज सकाळी त्या आठवड्यातला सगळ्यात कमी आकडा लक्षात ठेवत होते. गेल्या मंगळवारी ७०.९ दिसलं, दिवसभर तेच मनात. बुधवारचं ७१.८ विसरून गेले.

कारण शोधत होते ते आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, बोलण्यात सापडलं. परवा जेवताना त्या सहज म्हणाल्या, "अगं, हल्ली तुझी भाकरी ताटाबाहेर जाते की गं." वहीत रोज लिहिलंय, 'भाकरी १'. खोटं नाही, एकच खाते. पण संध्याकाळी पीठ तोललं. एप्रिलमध्ये एका भाकरीला ६० ग्रॅम लिहिलंय, परवा भरलं ९५. वरचं पस्तीस ग्रॅम पीठ म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी, दोन्ही वेळच्या मिळून अडीचशे. माझ्या हाताला ते कधी कळलंच नाही. मग कूटही तोललं. भाजीत मूठभर टाकते ते तीस ग्रॅम निघालं, म्हणजे पावणेदोनशेच्या घरात. आमच्याकडं कुटाशिवाय भाजी होत नाही, ती चौघांत वाटली जाते हे खरं. पण मार्गशीर्षातल्या गुरुवारची साबुदाण्याची खिचडी? उपवास म्हणून तिची नोंदच नव्हती. तीन गुरुवार, तिन्ही पानं कोरी. हे बघून मला फार वाईट वाटलं. ती वही मी मनापासून ठेवत होते.

दुसरीही गोष्ट आहे, ती माझ्या चुकीची नाही. सात किलो म्हणजे निम्मा हंडा पाणी. पाडव्याला मी तो अंगावर घेऊन चार भिंतींपर्यंत चढत होते, आता नाही. तीच चढण, तोच वेळ, पण शरीराला खर्च कमी. बसल्या जागीही लहान शरीर कमीच जाळतं. म्हणजे ज्या जेवणावर तेव्हा वजन उतरत होतं, त्यावर आता ते पहिल्यासारखं उतरणार नाही. शिवाय थंडी पडल्यापासून चालून आले की मी दुपारी आडवी होते, पूर्वी बाजारहाट पायी व्हायचा, आता यांच्या गाडीवर मागं बसून राजवाड्याजवळच्या बाजारात जाते.

रात्री यांना वही दाखवली. वाटलं होतं म्हणतील, पुरे आता. बराच वेळ आकडे बघत बसले, मग म्हणाले, "थायरॉइड एकदा तपासून घेऊ, दोन वर्षं झाली. आणि जेवण एकदम तोडू नकोस. मागं तोडलं होतंस तेव्हा चक्कर आली होती." हे खरं आहे. तपासणी शनिवारी करून येते. जेवण तोडणार नाही. भाकरीचं पीठ पुन्हा ६० ग्रॅम, कूट चमच्यानं मोजून, बाजार पायी. काटा रोज बघेन, लिहीन, पण बोलायचं ते ११ जानेवारीच्या रविवारी.

आज सकाळी पीठ मोजून घेतलं तर आई परातीपाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, "माझीपण तेवढीच कर. मलाबी एवढी मोठी संपत नाही, टाकवत नाही म्हणून खाते."