आयोवातला मका, लातूरचं सोयाबीन आणि पुड्यामागची बारीक अक्षरं

गावाकडं फोन लावला की पावसापाण्याचं, सोयाबीनच्या भावाचं बोलून होतं आणि मग कुणी ना कुणी विचारतंच, तिकडं अमेरिकेतली माणसं एवढी जाड कशानं होतात गं, लई खातात का? परवा वहिनीनं विचारलं, त्याच्या आधी मावशीनं. फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही म्हणून सविस्तर लिहायला बसलेय. आणि हे मी इकडच्या लोकांसाठी लिहीत नाहीये, औसा, निलंगा, लातूरच्या आपल्या घरातल्या लेकरांसाठी लिहितेय, कारण इकडं जे व्हायला दोन पिढ्या लागल्या ते आपल्याकडं फार झपाट्यानं व्हायलंय आणि त्याची मला मनापासून भीती वाटते.

आधी आकडा बघा. अमेरिकेत १९६० च्या सुमारास मोठ्या माणसांमध्ये लठ्ठ लोक साधारण १३ टक्के होते, आणि सीडीसी या सरकारी संस्थेचा २०२१ ते २०२३ या काळाचा आकडा आहे ४०.३ टक्के. म्हणजे दहातले चार, आणि हे नुसते अंगानं भरलेले नव्हेत, ज्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३० किंवा त्याच्या वर आहे ते. साठ वर्षांत माणसाचं रक्त बदलत नाही आणि सगळा देश एकदम आळशीही होत नाही. गाड्या वाढल्या, चालणं कमी झालं हे आहेच, इकडं दूध आणायलाही गाडी काढावी लागते. पण सगळ्यात जास्त बदललं ते ताट.

मी राहते ते सीडर रॅपिड्स हे आयोवा राज्यातलं गाव. गाव कसलं, शहरच आहे, पण गावातून बाहेर पडलं की दोन्ही बाजूला नजर जाईल तिथपर्यंत मका आणि सोयाबीन, मका आणि सोयाबीन. अण्णा इकडं आले होते तेव्हा गाडी थांबवायला लावून मक्यात शिरले, मक्याचं धाट हातानं मोजलं, आणि म्हणाले, "बाई, एवढा मका खातंय कोण?" शेतकऱ्याचा प्रश्न होता आणि अगदी नेमका होता. कारण हा मका भाजून खायचा नाहीच. आयोवात पिकणाऱ्या मक्यात आपण कणीस म्हणून खातो तसला गोड मका एक टक्कासुद्धा नसतो. बाकी सगळा जातो इथेनॉलला, जनावरांच्या खाद्याला आणि कारखान्यात.

ते कारखाने आमच्या शहरातच आहेत. नदीच्या कडेला मोठमोठे सायलो, म्हणजे धान्याच्या उंच कोठ्या, वाफेचे लोट, आणि वारा फिरेल तसा वास बदलतो, कधी भाजलेल्या ओट्सचा, कधी आंबलेल्या धान्याचा, म्हणून इथले लोक ह्याला पाच वासांचं शहर म्हणतात. कारखान्यात मका भिजवून फोडतात, आतला कोंब तेलाला जातो, टरफल आणि प्रथिनं जनावरांच्या खाद्यात जातात, उरतो तो निव्वळ स्टार्च, म्हणजे पिठूळ भाग. त्या स्टार्चवर एकामागून एक एन्झाइम, म्हणजे धान्य तोडणारे पाचक रस, सोडले की त्याचं ग्लुकोज ही साखर होते आणि पुढं त्यातल्या बऱ्याच ग्लुकोजचं फ्रुक्टोज, ही जास्त गोड साखर. हाच तो हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप. १९६७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांच्या एन्झाइमच्या जोरावर ह्याच आयोवातल्या क्लिंटन नावाच्या गावातल्या कंपनीनं तो पहिल्यांदा बाजारात आणला. पुढं बाहेरून येणाऱ्या साखरेवर सरकारनं बंधनं घातली, साखर महाग झाली, मका स्वस्तच होता, आणि १९८४ पर्यंत मोठ्या कोल्ड्रिंक कंपन्यांनी साखर सोडून सिरप धरला. इकडच्या ३५५ मिलीच्या कोलाच्या एका डब्यात ३९ ग्रॅम साखर असते, साधारण दहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसभराची वरून घातलेली सगळी साखर मिळून २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम.

पण नीट सांगायचं तर हा सिरप आपल्या साखरेपेक्षा काही वेगळं विष नाही, साखरेत ग्लुकोज-फ्रुक्टोज निम्मं निम्मं असतं, कोल्ड्रिंकच्या सिरपात फ्रुक्टोज साधारण ५५ टक्के, म्हणजे फरक थोडाच. खरी अडचण ही की तो इतका स्वस्त झाला की ब्रेड, सॉस, सॅलडवरचं ड्रेसिंग, लोणच्याची काकडी, दह्याचे डबे, जिथं गोडाचा काही संबंध नाही तिथंसुद्धा घालायला लागले. फ्रुक्टोज मुख्यतः लिव्हरमध्ये पचतं, आणि रोज जास्तीचं आलं की लिव्हर त्याची चरबी करून ठेवतं. दारूला न शिवलेल्या माणसांना फॅटी लिव्हर निघतं, त्यामागं हे एक मोठं कारण आहे.

आणि दुसरी गंमत, म्हणजे गंमत नव्हे, मी लातूरची म्हणून मला ती जास्त लागली. अमेरिकेत खाण्यात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं तेल सोयाबीनचं आहे. चिप्स उचला, बिस्किट उचला, फ्रोझन पिझ्झा उचला, मागं सोयाबीन ऑइल लिहिलेलंच. आपल्याकडं सोयाबीन मिलला जातं, तेल निघतं, डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, कोंबडीच्या खाद्याला किंवा परदेशी जाते, तेच चक्र इथं कितीतरी मोठ्या आकारात फिरतंय. मक्याचा स्टार्च, सोयाबीनचं तेल, गव्हाचा मैदा आणि मीठ, एवढ्या चारच वस्तूंमधून, रंग आणि वास बदलत, सुपरमार्केटच्या मधल्या रांगाच्या रांगा भरलेल्या असतात. अमेरिकन लोकांच्या रोजच्या कॅलरीतला निम्म्याहून जास्त वाटा असल्या पाकिटबंद खाण्यातून येतो, मुलांमध्ये तर ६० टक्क्यांच्या वर.

मग लोक म्हणतात साखर कमी केली, तेल मोजून खाल्लं की झालं. तेवढ्यानं भागत नाही, हे २०१९ मध्ये अमेरिकेतले संशोधक केविन हॉल यांच्या प्रयोगातून फार चांगलं दिसलं. त्यांनी सरकारी संशोधन दवाखान्यात २० माणसं ठेवली, दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं खाणं दिलं, दोन आठवडे साधं घरच्यासारखं शिजवलेलं, आणि समोर मांडलेल्या दोन्ही ताटांत कॅलरी, साखर, फॅट, मीठ, फायबर जवळपास सारखं ठेवलं, आणि सांगितलं पोट भरेल तेवढं खा. तर कारखान्याच्या खाण्यावर तीच माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत साधारण ९०० ग्रॅम वाढली, साध्या जेवणावर तेवढीच उतरली. कुणी बळजबरी केली नव्हती. ते खाणं मऊ असतं, चावावं लागत नाही, भराभरा पोटात जातं, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायच्या आत पुडा संपलेला असतो. मला हा प्रयोग वाचल्यापासून जाड माणसाकडं बघून "तोंडावर ताबा नाही" म्हणणं फार चुकीचं वाटतं. ताबा सुटावा अशाच पद्धतीनं ते खाणं बनवलेलं आहे.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, प्रक्रिया केलेलं सगळंच वाईट असं नाही. आपली लातूरच्या दाल मिलची तूरडाळ, दही, लोणचं, कुरडया, पापड, हेही प्रक्रिया केलेलंच की. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातल्या कार्लोस मोंतेइरो यांनी २००९ मध्ये खाण्याचे जे गट मांडायला घेतले त्याला नोव्हा म्हणतात, त्यातला शेवटचा गट अल्ट्रा प्रोसेस्ड, म्हणजे कारखान्यात अति प्रक्रिया केलेलं. ओळखायची सोपी खूण म्हणजे यादीत असं काही दिसतं जे कुठल्याच घरच्या डब्यात नसतं. माल्टोडेक्स्ट्रिन घ्या, हा स्टार्चच तोडून केलेला पांढरा भुगा, रक्तातली साखर झटकन वाढवतो, पण लेबलवरच्या साखरेच्या आकड्यात बहुतेक धरला जात नाही. तेल आणि पाणी एकजीव ठेवणारे इमल्सिफायर घ्या, त्यातल्या दोन प्रकारांनी उंदरांच्या आतड्यातले चांगले जिवाणू बिघडले, सूज आली आणि वजन वाढलं असं २०१५ मध्ये दिसलं. माणसांवरचं काम अजून चालू आहे, पण लेकरांना रोज द्यायला मी तरी धजणार नाही.

आता आपल्याबद्दल, कारण आपलं शरीर ह्या बाबतीत अमेरिकनांपेक्षा नाजूक आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे जगाला दाखवलं. २००४ मध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र डॉ. युडकिन यांचा फोटो लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापून आला, दोघांचा बीएमआय अगदी सारखा २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपली माणसं दिसायला बारीक पण आतून चरबी धरलेली असतात, म्हणून शुगर लवकर लागते. "आमचा पोरगा तर काडीपैलवान आहे, त्याला काय होतंय" हे जे आपण म्हणतो ना, त्यात मोठा धोका आहे. देशात १० कोटींच्या वर लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींच्या वर लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, हे आयसीएमआर, म्हणजे आपल्या सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ च्या पाहणीत आलंय.

आणि मी गावी येते तेव्हा किराणा दुकानाच्या दारात काय दिसतं, तर पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा. शाळा सुटली की पोरं तिथंच. मागची अक्षरं वाचली तर पामतेल, मैदा किंवा मक्याचं पीठ, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, आणि आयएनएस पुढं आकडे, म्हणजे खाण्यात घातलेल्या रंग-रसायनांचे नंबर. ज्या जिल्ह्यात करडई पिकायची, घाण्यावर तेल निघायचं, तिथं आपण इंडोनेशिया-मलेशियाचं पामतेल लेकरांच्या पोटात घालतोय, आणि त्या तेलात निम्मं तर सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे गोठणारी चरबी, असतं. करडई काटेरी, काढायला माणूस मिळत नाही, सोयाबीनला पैसा रोख, ज्वारीच्या रानातही तेच शिरलं, शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा, अण्णांनीही तेच केलं. पण रानातून गेलेली ज्वारी ताटातूनही गेली आणि तिच्या जागी चहात बुडवायचे टोस्ट आले, हे मला सहन होत नाही.

वहिनीनं विचारलं होतं की मग आटा बिस्किट, मल्टीग्रेन बिस्किट दिलं तर चालतं का. तर वहिनी, पुडा उलटा करा. यादीत जो पदार्थ वजनानं सगळ्यात जास्त तो पहिला लिहिलेला असतो, पुढं उतरत्या क्रमानं. पहिला मैदा आणि लगेच साखर, पामतेल असेल तर पुढच्या बाजूच्या गव्हाच्या ओंबीच्या चित्राला काही अर्थ नाही. साखर चार नावांनी लिहिलेली असते, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, अशी तुकड्यांत वाटली की एकेक खाली सरकते, म्हणून सगळी मिळून मोजायची. आकडे एका सर्व्हिंगचे बघू नका, १०० ग्रॅमचे बघा. आणि दुधात घालायच्या पावडरीचंही तेच, २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन दुकानांना सांगितलं की असल्या पावडरी हेल्थ ड्रिंक म्हणून दाखवू नका. लेकराला साधं दूध आवडत नसेल तर दही द्या.

चार वाजता पोरं भुकेनं कालवा करतात हे मला माहितीये, आणि तुम्ही रानातून दमून आलेल्या असता, तेव्हा पुडा फोडणं सोपं पडतं. म्हणून हाताशी असेल असंच सांगते. फुटाणे आणि शेंगदाणे डब्यात भरून ठेवता येतात, गुळाचा खडा बारीक, कारण गूळही साखरच. ज्वारीच्या लाह्या. सकाळचा धपाटा आणि दही, वर जवसाची नाहीतर कारळाची चटणी. मुरमुरे भिजवून सुशीला करायला दहा मिनिटं पुरतात, त्यात शेंगदाणे जरा सढळ हातानं घाला. सीताफळ-पेरूच्या दिवसात तर काही करायलाच नको. आणि ज्वारी संपली असेल तर अण्णांना म्हणावं, एक एकर तरी शाळूला ठेवा, घरच्यापुरता.